कांद्याचा पापुद्रा आणि शहाळ्याचे पाणी

'वनस्पती पेशी व प्राणी पेशी यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न माध्यमिक शाळांच्या प्रश्नपत्रिकांत इतक्या नेमाने येतो की, एखाद्या वर्षी तो आला नाही तर विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांनाच चुकल्याचुकल्यासारखे वाटत असावे. त्याचे उत्तरही तितकेच ठरलेले आहे. कागदाच्या मधोमध पट्टीने एक उभी रेघ ओढायची, आणि पेशीभित्तिका असते व नसते, हरितलवके असतात व नसतात, रिक्तिका मोठी असते व लहान असते, अशी 'असते-नसते'ची जमाबंदी दोन्ही बाजूंना भरून, खाली एक चौकोनी आणि एक गोल आकृती काढून मोकळे व्हायचे. या शिरस्त्याविरुद्ध माझी कैफियत दुहेरी आहे. ज्या गोष्टी शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसूच शकत नाहीत त्या 'निरीक्षण' या मथळ्याखाली मुलांकडून लिहवून घेतल्या जातात, ही पहिली. आणि या दोन पेशींच्या तुलनेतून जी गोष्ट मनुष्यजातीला प्रथम उमगली, म्हणजे त्यांचे साम्य, तिची विचारणा कोणी करीत नाही, ही दुसरी.

प्रथम दिसण्याविषयी. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या अंगाचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोडवून काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात पसरावा, वर आयोडीनचा एक थेंब सोडावा, हवेचा बुडबुडा अडकू न देता आच्छादन काच तिरकी धरून हळूच टेकवावी, आणि कमी शक्तीच्या भिंगाखालून पाहावे, म्हणजे आपल्याकडील जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीसारखी सांधेजोड असलेली, लांबट पेशींची एक शिस्तबद्ध रचना नजरेस पडते. एकेक पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब असते, आणि बहुतेकींत कडेला सरकलेले, आयोडीनने पिवळसर तपकिरी झालेले एक केंद्रक असते. यानंतर स्वतःच्या गालाच्या आतल्या बाजूवरून स्वच्छ काडी हलकेच फिरवून जे मिळते ते मेथिलीन ब्लूच्या थेंबात कालवून पाहावे. येथे सांधा नाही, रांग नाही, ठरीव आकार नाही. मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढ्या, कडा दुमडलेल्या, एकमेकींवर कशाही पडलेल्या चपट्या पेशी, आणि प्रत्येकीच्या मध्याच्या आसपास गर्द निळे केंद्रक. शाळेतील उपकरणाने जे प्रामाणिकपणे दिसते ते एवढेच, आणि ते मुळीच थोडे नाही.

परंतु जर्नलचे पान उघडून पाहावे, तर तेथे तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड आणि तारककेंद्र यांची हजेरी काटेकोर बाणांनिशी लागलेली असते. नेहमीच्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाने सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे, आणि पेशीचे पटल तर अवघे सात-आठ नॅनोमीटर जाडीचे. गॉल्गी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८९८ साली चेतापेशींवर चांदीच्या क्षारांची प्रक्रिया करून जी जाळी पाहिली, ती खरोखरच पेशीत असते की त्या प्रक्रियेनेच निर्माण होते, यावर विद्वानांचा वाद अर्धशतक चालला होता. १९३१ साली बर्लिनमध्ये क्नोल व रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातल्यावर आणि पुढे त्या उपकरणाखाली पेशींचे पातळ छेद पाहता येऊ लागल्यावरच तो मिटला. ज्या वस्तूने एका पिढीच्या पंडितांची झोप उडवली ती आठवीतला मुलगा पेन्सिलीच्या चार वळशांत काढतो, आणि 'मला असे दिसले' म्हणून तिच्याखाली शिक्षकांची सही होते. यात मुलाचा अपराध नाही. मंडळाच्या आकृतीबरहुकूम चित्र नसेल तर गुण कापले जातात, एवढे त्याला पक्के ठाऊक असते.

त्याहून मौजेची गोष्ट हरितलवकांची. तक्त्यातील दुसऱ्या ओळीनुसार वनस्पती पेशीत हरितलवके असावयास हवीत; परंतु नमुना म्हणून जो कांदा आणला जातो तो जमिनीत वाढणारा, आणि त्याच्या आतल्या पापुद्र्यात हिरवा कण औषधालाही सापडत नाही. एखादे धीट पोर नेत्रिकेवरचा डोळा न काढताच 'सर, हिरवां कायच दिसणां नाय' असे म्हणाले, तर वर्गात हशा पिकण्याचा संभव अधिक. वास्तविक त्या दिवशी त्या वर्गात तेवढे एकच शास्त्रीय निरीक्षण झालेले असते, आणि तास तेथूनच सुरू व्हावयास हवा. सर्व वनस्पतींच्या सर्व पेशी हिरव्या का नसतात? मग हिरव्या पेशी पाहावयाच्या तर कोठे? तळ्यातून किंवा मत्स्यपेटीतून हायड्रिलाची एक डहाळी आणावी. तिचे पान जेमतेम दोन थर जाडीचे असल्यामुळे कापण्याची यातायात करावी लागत नाही, आणि थोडी ऊब व उजेड मिळाला की मधल्या शिरेजवळच्या पेशींत हिरवे कण भिंतीच्या कडेकडेने संथपणे प्रदक्षिणा घालताना दिसतात. झाड एका जागी उभे असते आणि प्राणी हिंडतो, हा आपला बालपणापासूनचा समज त्या क्षणी डळमळतो; हे दृश्य ज्याने पाहिले त्याला पेशीद्रव्याची व्याख्या घोकावी लागत नाही.

भित्तिकेचेही तसेच. ती 'असते' एवढे लिहून गुण मिळतो, पण ती कशासाठी असते हे कांदाच सांगू शकतो, मात्र लाल कांदा हवा. त्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, जांभळट पापुद्र्याच्या पेशींत रंग रिक्तिकेच्या रसात विरघळलेला असतो. काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टीपकागदाने पाणी ओढून घेतले की, रंगीत गाभा भिंतीपासून सुटून आत आकसू लागतो, आणि आजवर भिंतीला चिकटून राहिल्यामुळे न दिसलेल्या पटलाची हद्द प्रथमच कळून येते. साधे पाणी पुन्हा आत सोडले की, फार उशीर झाला नसेल तर, गाभा भरून पूर्ववत होतो. घरोघरी खारात घातलेल्या कैऱ्या आक्रसतात त्याचे हेच कारण. उलटपक्षी, रक्तातील तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून त्या फुगतात व फुटतात, कारण त्यांना आवर घालणारी भिंत नाही. येथे 'असते' आणि 'नसते' यांच्यामागे कार्य आणि कारण उभे राहते. फरक शिकवूच नये असे माझे म्हणणे नाही, तो असा घडताना दाखवावा असे आहे.

आता साम्याविषयी. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात जी घरे पाहिली आणि एका घन इंचात ती सुमारे १२० कोटी भरतील असा हिशेब मांडला, ती वस्तुतः झाडाच्या सालीतील मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. भिंत दिसते म्हणून वनस्पतीची पेशी प्रथम सापडली. प्राण्याच्या शरीरातही तसलेच घटक आहेत ही गोष्ट ध्यानात येण्यास आणखी पावणेदोन शतके लागली. १८३१ साली रॉबर्ट ब्राउनने आमराच्या, म्हणजे ऑर्किडच्या, पेशींत केंद्रक नेमाने आढळते असे दाखवले. १८३८ साली श्लायडेनने वनस्पतींची सारी घडण पेशींची असल्याचे प्रतिपादन केले, आणि बर्लिनमध्ये जेवणाच्या टेबलावर त्याच्याशी केंद्रकाची चर्चा चालली असता, आपण प्राण्यांच्या पृष्ठरज्जूत अगदी असलेच काही पाहिले आहे, हे थिओडोर श्वानला एकाएकी स्मरले, असे स्वतः श्वाननेच पुढे सांगितले आहे. दुसऱ्याच वर्षी, १८३९ मध्ये, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राणी व वनस्पती यांच्या रचनेतील व वाढीतील ऐक्य हाच त्याचा विषय आणि तेच त्याचे शीर्षक. म्हणजे या तुलनेचे ऐतिहासिक फलित असे की, माड आणि माणूस एकाच नमुन्यावर बांधलेले आहेत. ज्या प्रयोगाने ही दोन राज्ये एक केली, त्याच प्रयोगाचा उपयोग आपण कागदाच्या मधोमध रेघ ओढण्यासाठी करावा, याला काय म्हणावे?

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कट्ट्यासारख्या गावात बसून हे लिहिताना आणखी एका गोष्टीचे वैषम्य वाटते. ती उभी रेघ मोडणारे जेवढे दाखले या किनारपट्टीच्या घरादारांत सहज उपलब्ध आहेत तेवढे क्वचितच एखाद्या शहरी प्रयोगशाळेत असतील, आणि आपल्या पाठ्यक्रमाला त्यांची दखल नाही.

पहिला दाखला शहाळ्याचा. कोवळ्या नारळातील पाणी म्हणजे बीजातील पोषक ऊतीचीच, भ्रूणपोषाची, द्रवरूप अवस्था होय. फलनानंतर तेथील आद्य केंद्रक दुभंगते, त्याची दोन, चार, आठ अशी हजारो केंद्रके होत जातात, परंतु त्यांच्यामध्ये भिंती मात्र घातल्या जात नाहीत. सगळी केंद्रके एका सामाईक द्रवात मोकळी राहतात. पुढे करवंटीच्या कडेकडून आतल्या दिशेने भिंती पडू लागतात, प्रथम लिबलिबीत मलई आणि मग घट्ट खोबरे तयार होते. म्हणजे ज्या वनस्पतीवर आपला सगळा किनारा उदरनिर्वाह करतो, तिच्या फळात एका विशिष्ट मुदतीत 'वनस्पती पेशीला पेशीभित्तिका असते' हे विधान लागू पडत नाही. तेथे पेशी कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हा प्रश्नच निरर्थक होतो. कोवळ्यात कोवळ्या शहाळ्याच्या पाण्याचा थेंब केंद्रक रंगवणाऱ्या द्रावणात घेऊन, आणि शेजारी खोबऱ्याचा पातळ काप ठेवून, एकाच माडाच्या एकाच फळातील या दोन अवस्था पाहणे हा कोकणातील प्रत्येक शाळेचा पहिला प्रयोग असावयास हवा होता.

या पाण्याची गोष्ट येथेच संपत नाही. खुद्द श्लायडेनने आपला पेशीनिर्मितीचा सिद्धांत उभारला तो बीजांडातील भ्रूणकोशाच्या निरीक्षणांवर. तेथे त्याला केंद्रके आधी आणि भिंती मागाहून दिसल्या, आणि त्यावरून त्याने अनुमान काढले की, स्फटिक जसा द्रावणातून जमतो तशी नवी पेशी द्रवातून केंद्रकाभोवती आपोआप जमते. श्वाननेही तेच ग्राह्य धरले. ते अनुमान चुकीचे होते. रेमाक व विर्चो यांनी १८५० नंतरच्या दशकात, पेशी ही पूर्वीच्या पेशीपासूनच जन्मते, असा निर्णय दिला. पण ज्या दृश्याने त्या थोर माणसाला चकवले ते शहाळ्यात आजही घडते, आणि एक विद्वान कोणत्या वाटेने फसला हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, यासारखा विज्ञानाच्या इतिहासाचा दुसरा धडा नाही. पुढे १९४१ साली व्हान ओव्हरबेक व त्याच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अत्यंत कोवळे भ्रूण पात्रात वाढवले ते याच पाण्याच्या आधाराने. स्ट्यूअर्डने १९५० नंतर गाजराच्या सुट्या पेशींना विभाजनास प्रवृत्त केले तेही त्यानेच. जगभरच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत नारळाचे पाणी वापरले जाते, आणि आमच्या शाळांत ते पाहुण्यांना देण्यापलीकडे पोहोचलेले नाही.

दुसरा दाखला मासळी बाजारातला, आणि तो थोडक्यात उरकता येण्यासारखा आहे. बांगड्याच्या कल्ल्यापाशी मिळणारा ताज्या रक्ताचा थेंब मिठाच्या सौम्य द्रावणात पसरून रंगवला, तर तांबड्या पेशी लंबगोल दिसतात आणि प्रत्येकीत केंद्रक असते. माणसाच्या तांबड्या पेशींत, त्या पक्व झाल्यावर, ते नसते. तेव्हा 'प्राणी पेशीत केंद्रक असते' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या धमन्यांतून त्या विधानाचे कोट्यवधी अपवाद वाहत असतात, आणि ते त्याला कोणी सांगत नाही.

तिसरा दाखला समुद्रातला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सागरी भाग १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि तेथील प्रवाळ पाहण्यासाठी आता पर्यटक पाण्यात उतरतात. प्रवाळ हा प्राणी आहे; परंतु त्याच्या आतल्या थरातील पेशींत एकपेशीय शैवाले वस्ती करून असतात, आणि त्यांनी सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नावर यजमानाचे बरेचसे भागते. पाणी फार तापले की हे कुळ जमीन सोडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. येथे हरितलवक शैवालाचे, शैवाल प्राण्याच्या पेशीत, आणि ती पेशी समुद्रात. तक्त्याच्या कोणत्या बाजूस याची नोंद घालावी? शिवाय, हरितलवके ही स्वतःच एकेकाळी मोकळे राहणारे सूक्ष्मजीव होती आणि दुसऱ्या पेशीत शिरून तेथे कायमची झाली, हे मत १९६७ साली लिन मार्ग्युलिसने नव्याने मांडले व पुढे ते सर्वमान्य झाले. तेव्हा प्रवाळात जे आज चालले आहे तसलेच काहीतरी फार प्राचीन काळी घडून सर्व हिरवी सृष्टी निर्माण झाली.

या दोन राज्यांच्या सीमेवर सुखाने वावरणारा एक मनुष्य याच तालुक्याने दिला होता, त्याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ सालचा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असता त्यांनी सह्याद्रीतील नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश शोधून काढला. त्या प्रजातीचे भाईबंद तोपर्यंत केवळ आफ्रिकेतून ठाऊक होते. जेलीफिश हा प्रवाळाचाच गणगोत. अशा प्राण्यामुळे प्रथम नाव झालेले आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक झाले, आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधनसंस्था उभी करण्यात त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. ती संस्था १९९२ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 'प्राणी' आणि 'वनस्पती' हे दोन रकाने त्यांच्या बुद्धीत स्वतंत्र खणांत ठेवलेले असते तर हे घडते ना. मालवणातल्या किती शाळांत त्यांची तसबीर आहे, याची चौकशी कोणी तरी करावी.

यावर शिक्षकांची बाजू मला ऐकू येते आणि ती मला पुष्कळशी मान्य आहे. तासिका तोकडी असते, अभ्यासक्रम लांबलचक असतो, शिक्षकाला मतदारयाद्यांपासून निरनिराळ्या सर्वेक्षणांपर्यंत सरकारी कामे असतात, आणि मोडले तर भरून कोण देणार या धास्तीने सूक्ष्मदर्शक डेडस्टॉक नोंदवहीत नोंद होऊन कुलूपबंद कपाटात राहतो. मान्य, परंतु सिंधुदुर्गातील शाळांची पटसंख्या घटत आहे अशी जी ओरड आपण सदैव करतो, तिचा निदान एवढा तरी लाभ घ्यावा की, एका उपकरणामागे थोडी मुले येतात आणि प्रत्येकाला नेत्रिकेला डोळा लावून निवांत पाहता येते. उपकरणे अपुरी असतील, तर स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी २०१४ साली जगापुढे मांडलेला घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप आहे, जो सुमारे १४० पट मोठे दाखवतो आणि ज्याच्या सामग्रीचा खर्च एका डॉलरच्या आत बसावा अशीच त्याची योजना होती. कांदा आणि गाल पाहण्यास तेवढे पुरे. राहता राहिला निकालाचा प्रश्न, आणि त्याबाबत तर आमच्यासारखे निर्धास्त कोणी नसावे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा कोकण विभाग दहावीच्या उत्तीर्णांच्या टक्केवारीत वर्षानुवर्षे राज्यात अग्रस्थानी आहे. पहिला नंबर ज्याच्या पदरी आहे त्याने थोडे धाडस करण्यास हरकत नसावी, कारण मागे पडण्याच्या भयाने पाठांतराला चिकटून राहण्याची सबब त्याला शोभत नाही.

माझी तजवीज साधी आहे आणि तिला मंत्रालयाच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. जर्नलच्या एका पानावर पुस्तकातील आकृती राहू द्यावी, पण समोरच्या पानावर मुलाने जे पाहिले तेवढेच, तारीख, नमुना, रंगद्रव्य आणि किती पट मोठे केले हे नोंदवून, काढू द्यावे. हवेचा बुडबुडा दिसला असेल तर बुडबुडा, केंद्रक सापडले नसेल तर 'केंद्रक सापडले नाही' अशी नोंद, आणि तिला पूर्ण गुण. तोंडी परीक्षेत एक प्रश्न साम्याचा आणि एक अपवादाचा असावा. कट्ट्याला बॅ. नाथ पै सेवांगणासारखी लोकांची संस्था आहे. तालुक्यातील शाळांनी दिवाळीच्या सुटीत आपापले सूक्ष्मदर्शक तेथे एकत्र आणून मुलांना, आणि इच्छा असेल त्या पालकांनाही, दोन दिवस मोकळेपणाने पाहू दिले, तर सामग्री म्हणून लागेल ती अशी: लाल कांदे, मीठ, आयोडीनची बाटली, मेथिलीन ब्लू, हायड्रिलाच्या चार डहाळ्या, मासळी बाजारातून येताना कोणी आणलेला ताजा बांगडा, आणि एका माडावरून एकाच दिवशी उतरवलेली निरनिराळ्या वयांची पाच शहाळी, ज्यांवर खडूने क्रमांक घालून ठेवावेत म्हणजे कोणत्या वयाच्या फळात भिंती पडू लागल्या याची तुलना मुलांना स्वतःच करता येईल.